नेंडाक

पहाटे टोकणीला निघाले.
पाठीवर बियाण्याची टोपली, कमरेला कोयता.
रात्री स्वप्नं बरी पडली होती.
लांबघराच्या शिडीवरून उतरताना सासू म्हणाली,
सुम्पिंग, कान उघडे ठेव.

नेंडाक बोलला तर जमीन थंड,
असं आम्हा इबानांत.
थंड म्हणजे चांगली:
ताप नाही, तंटा नाही, भाताला कीड नाही.
पक्षी मुठीत मावेल एवढाच, शेपटी तेवढी वीतभर,
पोटाला पिकल्या सुपारीचा रंग.
राहतो बांबूच्या बेटात, ओढ्याकाठी,
जिथे दुपारीही गुडघाभर अंधार असतो.

सिबूचा व्यापारी शेपटी मोजून रिंगिट देतो.

दोन वर्षं झाली, वाटेवर कुणी बोललं नव्हतं.
आम्ही तसंच पेरलं. आलं ते खाल्लं.

आणि आज, दुसरा ओढा ओलांडताना,
उजव्या हाताला तो बोलला.
पाण्यात पाणी ओतावं तसा आवाज,
मग मध्येच दुसऱ्याच कुणा पाखराची नक्कल.
मी टोपली खाली ठेवली. डोळे भरून आले.
परत बोलला. तेच.
तीच नक्कल, तिथेच,
शेवटी तीच बारीक खरखर.

झुडपात फोन होता, वेलीला बांधलेला.
वर काडी, काडीला फणसाचा चीक.
पलीकडे पानांत दीर माझा, बांता,
ओठांवर बोट ठेवून मला म्हणत होता, हलू नकोस.

तेवढ्यात ओढ्याच्या वरून
खरा बोलला.
चिडलेला, जवळ येत, फांदीगणिक खाली,
आपल्या हद्दीत घुसलेल्याला हाकलायला.

शकुनाच्या पाखराला हुसकावू नये,
वर्ष हातचं जातं,
हे मला बोलता येण्याआधीपासून माहीत आहे.
मी कोयत्याची पाठ ओंडक्यावर आपटली.
पुन्हा आपटली.
काळं, पांढरं, काहीतरी झपकन वळलं
आणि बेट गप्प झालं.
फोन बोलतच राहिला.

घरी आले. बियाणं टोपलीत तसंच.
सासूने विचारलं, बोलला?
म्हटलं, बोलला. आज पेरायचं नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग विडा लावायला घेतला.

रात्री बांता जेवायला बसला.
माझ्याशी बोलला नाही.
चीक अजून निघाला नव्हता,
शितं बोटांना धरून राहत होती
आणि तो एकेक चाटत होता.