उजवा रकाना

पाचवी ‘ब’च्या वह्या. दत्त नगर, रात्रीचे दहा,
शेजारी कुणाचा तरी माग अजून खटखटतोय.
डावीकडे सामान्यनाम, उजवीकडे विशेषनाम.
शहर डावीकडे, सोलापूर उजवीकडे,
इथवर सगळ्यांचं बरोबर.

नागमणी येमुलनं ‘तळं’ उजवीकडे लिहिलंय.
मी लाल शाईनं गोल केला, समासात लिहिलं:
एक तळं, अनेक तळी. अनेकवचन होतं ना?
मग दिसली खाली तिची बारीक पेन्सिल:
‘बाई, तळ्यापाशी भेटू म्हटलं
तर कुणी विचारतं का, कुठल्या?’

आमच्याकडेही गिरणी एकच होती.
अण्णा गिरणीत गेलेत, एवढं पुरायचं.
कुठली, कुणाची, सांगावं लागायचं नाही.
भोंगा थांबला, त्यानंतर कधीतरी एका सकाळी
डबा हातात देत आई मला म्हणाली,
जा, गिरणीतून दळण आण,
आणि बाजेवरचे अण्णा
चपला शोधायला उठले.

ओल्या बोटानं
गोल पुसायला गेले.
शाई फुटली.
तळं लालभडक, पार काठाबाहेर.