अकरावा रकाना

विद्यापीठाच्या फॉर्मात अकरावा रकाना:
ऑनलाइन पर्याय का निवडला?
खाली तीन उत्तरं तयार, नुसतं टिंब लावायचं.
सोय. सुरक्षितता. वेळेची बचत.
चौथं 'इतर', आणि त्यापुढे जागा
फक्त पन्नास अक्षरांची.

'इतर'वर बोट धरून बसलेय मी,
सुकेशिनी रामटेके, वय एकेचाळीस, राहणार इंदोरा,
बी.ए. पहिलं वर्ष, दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा अभ्यासकेंद्र होतं बर्डीच्या पलीकडे,
दर रविवारी अकरा वाजता.
रविवारी अकराला मी घरात नाही
हे कुणालाच बसवता आलं नाही कुठे.
चार रविवार मी गेले. पाचव्याला पाहुणे आले.
पुस्तकं तांदळाच्या कोठीवर ठेवली
ती तिथेच राहिली, एकोणीस वर्षं.

मग हे आलं.
कामठी रोडच्या मधोमध कुत्री झोपायला लागली.
मी डबे करायची, घरातच अडकलेल्या आजाऱ्यांसाठी,
रोजचे सव्वीस, वरण-भात, पोळी.
जन्मभर सावजी खाल्लेली माणसं फोनवर म्हणायची,
ताई, चवच लागत नाही हो.
डबा दारात ठेवायचा, बेल वाजवायची, मागे सरकायचं.
कालचा डबा तसाच दिसला
तर विचारायचं नाही.

शेजारच्या पोट्ट्याचं इंजिनिअरिंग कॉलेजही
त्या दिवसांत मोबाइलमध्ये आलं.
सासूबाई म्हणाल्या, काहून वं, ह्या वयात?
म्हटलं, आता सगळेच घरी बसून शिकतात.
यावर त्यांना काही सुचलं नाही.
सगळं जग दूरस्थ झालं
तेव्हा कुठे मी वर्गात बसले.

वर्ग म्हणजे गोल चकत्या,
प्रत्येकीत नावाचं पहिलं अक्षर.
'अ' मोमिनपुऱ्याचा. तीन भावांत एक फोन,
त्याला मिळायचा बारा ते तीन.
'म' बुटीबोरीत गेटवर सिक्युरिटी,
त्याच्या प्रत्येक उत्तरात एक ट्रक.
'ध' म्हणजे धनपाल, पाचपावलीचा,
प्रश्न फार विचारायचा,
माझ्या मनातलेसुद्धा.
मी 'स'. हळदीचे हात दिसत नव्हते कुणाला.
उत्तर चुकलं तर मान खाली घालायचीही गरज नव्हती,
तरी घालायची मी.

एप्रिल संपता संपता बोरकुटे सरांनी हजेरी घेतली.
'ध' आलेला होता, पण बोलेना.
धनपाल? धनपाल, माइक सुरू करा.
मग एका बाईचा आवाज,
'सर, मी त्यांची मिसेस.
फी वर्षभराची भरलेली आहे.
मी ऐकलं तर चालेल का?'

किती वेळ कुणी काही बोललं नाही.
मोमिनपुऱ्यातला पंखा तेवढा ऐकू येत होता.
सर म्हणाले, बसा.
घरी बसलेल्या बाईला म्हणाले, बसा.
मग घसा साफ केला,
पान सव्वीस उघडायला सांगितलं
आणि चुकून पान बासष्ट वाचत राहिले.
कुणी टोकलं नाही.

तर, पन्नास अक्षरं.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. कूलर बंद केलाय,
चालू ठेवला की सरांचा आवाज पाण्यात जातो.
वाकून लिहायला गेले तर कपाळावरचा घाम
टपकन स्क्रीनवर पडला
आणि टिंब लागलं आपोआप
'सोय'वर.

पदराने पुसलं, तर फॉर्म म्हणतो,
आपले उत्तर नोंदवले आहे.

दोन वाजत आले.
'ध' आधीच येऊन बसली आहे.