क्लॅरी मॅकनॉटची वही

वहीत कोण जिंकलं ते नाही.
एकोणतीस वर्षं, लँकेस्टर पार्क, क्राइस्टचर्च,
आणि एकदाही गुणफलक नाही.
आहे ते असं:
पाऊस सहा मिलिमीटर. दक्षिणेचा वारा.
उत्तरेच्या खांबापाशी स्क्रमने खरवडलं,
दोन हातगाड्या माती.
किंवा नुसतंच: बरं आहे.

हजारो माणसं घसे बसवून घरी गेली
की तो एकटा आत यायचा, दातेरी काटा घेऊन,
उखडलेली ढेकळं एकेक उलटून बसवायचा,
झोपेत पांघरूण लाथाडलेल्या पोरांना
पुन्हा झाकावं तसं.
नोरीन म्हणायची, माझ्या केसांना कधी
इतक्या हळू हात लावला नाहीस.
तो म्हणायचा, तुझ्या केसांवरून
ऐंशी मिनिटं कोणी बूट घालून पळत नाही.

जगभरचे मैदानराखे त्याला लिहायचे.
डब्लिनचा: आमच्या स्टँडखालून आगगाडी जाते,
ती गेली की वर चहाचे कप थरथरतात.
लंडनचा: इथे पूर्वी कोबी होता.
जमीन अजून कोबीच मागते की काय, वाटतं.
कार्डिफचा: छप्पर आलंय.
दिव्यांच्या गाड्या रात्रभर ढकलतो,
गवताला सांगतो, हा सूर्य.
ते बिचारं विश्वास ठेवतं.
सुवाचा एकच ओळ लिहायचा, दरवर्षी तीच:
पाऊस, भाऊ.

बावीस फेब्रुवारीच्या पानावर वेळ आहे,
बारा एक्कावन्न.
खाली तीन शब्द: खालून वाळू आली.
करडा गाळ गवत फोडून वर, बुडबुडत,
मंद आचेवरचं पिठलं जसं.
स्टँडना तडे. मैदानाला कुबड.
शहरात किती गेले ते त्याने लिहिलं नाही.
ती त्यासाठीची वही नव्हती.
मग सतरा दिवस कोरे.
मग: जपान.
एवढंच.

बऱ्याच वर्षांनी कामाइशीहून पत्र आलं,
साकुमा नावाच्या कोणाचं,
कुणाकडून तरी इंग्रजी करून घेतलेलं:
इथे शाळा होती. लाट आली तेव्हा मुलं
टेकडीकडे पळाली, मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरून.
आता इथे गवत लावतोय.
तुम्ही किती उंच ठेवता?
क्लॅरीने दोन दिवस कागद समोर ठेवला.
मग लिहिलं: सत्तावीस मिलिमीटर.
पहिल्या वर्षी तीस. घाई करू नका.

तोवर त्याचे स्टँड पाडून झाले होते.
सामने गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाइपांच्या सांगाड्यात,
तात्पुरते,
म्हणजे पोरांना मिशा फुटेपर्यंत.
तो तिथे एकदाच गेला. थंडी फार, म्हणाला,
आणि पाय वाजवत बसला.

आता नात, ब्रिओनी, नव्या स्टेडियमच्या छपरावर
बोल्ट आवळते.
जेवणाच्या टेबलावर फोनमध्ये दाखवते:
हे बघ, काचेसारखं छप्पर, आजोबा.
पावसाने सामन्याचा विचका होणार नाही.
पावसाने कधी झालाय?
बरं, प्रेक्षक भिजणार नाहीत.
हं, म्हणतो तो. आणि गवत?
त्याला नळ्या आहेत.
हं.
बटाटे थंड होतात.

शनिवारी तो जुन्या जागी जातो.
कुंपण नाही, तिकीट नाही, उघडं माळ,
चिखलाने माखलेली आठ-नऊ वर्षांची पोरं
चेंडू सोडून एकमेकांवर पडताहेत.
तो कडेला टाच रोवतो,
जरा फिरवतो, खाली बघतो.
बरं आहे.

वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर
नव्या मैदानाचं नाव आहे, तारीख मोकळी.
उंची: सत्तावीस.
वारा: —
पाऊस, आणि त्यापुढे
पेन्सिलीने, पुसता येईल असं:
ब्रिओनीला विचारणे.