रिकामा चमचा

वैशाखातल्या दुपारी मानेवाड्यातली आमची गल्ली
तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी पडून असते.
कूलरला नवीन वाळा, टपटप पाणी,
आणि माझ्या मांडीवर शाल्मली,
पाच महिने बावीस दिवस.

हेडाऊकाकू जिन्यातूनच विचारतात,
"काहून वं, पोरीले अजून काहीच नाही चारत?
पोरीले विषम महिना लागते.
पाचवा हुकला, आता थेट सातवा."
बुटीबोरीची नणंद फोनवर सांगते,
तिच्या लेकानं चौथ्यातच खिमट खाल्लं,
आता पाहा कसा उड्या मारून राहिला.
सासरे कॅलेंडरचं पान उलटून
उष्टावणाला गुरुवार बरा म्हणतात.
खोब्रागडे मॅडमनी पेनला टोपण लावत सांगितलं होतं,
"सहा महिने मी सांगते. पण दिवस तीच सांगेल.
मान बघा. जीभ बघा."

तेव्हापासून मी मान बघते.

मी भूमी अभिलेखात कारकून.
लोक टेबलाशी येऊन विचारतात,
आपला बांध कुठे संपतो, शेजाऱ्याचं कुठून सुरू होतं,
आणि मी त्यांना मोजणीची तारीख देते.
इथे उशीला टेकवलेल्या पावणेसात किलोंची
चतुःसीमा मला लागत नाही.
मान आता ताठ राहते, पंख्याच्या पात्यांमागे फिरते,
पण बसवलं की ती डावीकडे कलते,
हळूहळू, कुणाला तरी वाट देत असल्यासारखी.

मागच्या आठवड्यात, घरात कुणी नसताना,
उकळून निवलेल्या पाण्यात बोट बुडवून
मी तिच्या ओठांना लावलं.
जिभेनं ते बाहेर लोटलं,
दाराशी आलेल्या विक्रेत्याला लोटावं तसं.
मी बोट पुसलं. कुणाला सांगितलं नाही.

मॅडमनाही एक सांगितलं नाही.
माझी रजा एकशे ऐंशी दिवसांची.
तिला सहा पूर्ण व्हायच्या तीन दिवस आधी
मला सिव्हिल लाइन्सला हजर व्हायचंय.
मग वाटीची घाई नेमकी कुणाला?
काल आरशासमोर साडीला पिन लावून पाहिली,
तेवढ्यात पदर भिजला.
माझ्याशिवाय तिचं पोट दुपारभर भरावं
आणि माझ्याशिवाय ते भरूच नये,
दोन्ही मला हवंय.
कुठल्या नमुन्यात भरू हा अर्ज?

रात्री लाइट गेली. गच्चीवर ताटं मांडली.
प्रफुल्लनं बुक्कीनं कांदा फोडला,
ती त्याच्या मांडीवर, टॉर्चच्या उजेडात.
माझ्या ताटातून वरण-भाताचा घास उठला,
तिचे डोळे त्याच्यासोबत उठले.
माझं तोंड उघडलं. तिचंही.
मी थांबले. ती थांबली.
तिसऱ्या घासाला अख्ख्या अंगानिशी पुढे येऊन
तिनं माझं मनगट धरलं, दोन्ही हातांनी,
जप्तीचा हुकूम घेऊन आल्यासारखं.
"दे ना वं," प्रफुल्ल म्हणाला.
खाली सगळ्यांचे कूलर बंद.
मला वाटलं, गल्ली ऐकते आहे.

मी रिकामा चमचा दिला.

त्यावर काही नव्हतं, धुतल्याचं थोडं पाणी होतं.
तिनं तो चोखला, हिरड्यांत दाबला,
जीभ आत राहिली.
पहिल्यांदाच आत राहिली.
मग चमचा बाहेर काढून, उलटसुलट पाहून
तिनं माझ्याकडे पाहिलं,
फायलीतलं मुख्य पानच गायब असल्यावर
आमचे साहेब पाहतात तसं.

आज सकाळी मुगाची डाळ धुतली.
पाणी तीनदा बदललं, मग उगाच चौथ्यांदा.
अजून आठ दिवस, मॅडमच्या हिशेबानं.
माझ्या हिशेबानं पाच.
कुकरची तिसरी शिटी झाली, गॅस बंद केला.
झाकणाला हात लावला नाही.
वाफ आपोआप जाईपर्यंत
तिला पाजायला घेतलं.