घर पाहावं तोलून

व्होरू गावाबाहेर धान्याचा काटा आहे, तो माझा.
म्हणजे सहकारी संस्थेचा; पण बावीस वर्षं
त्याच्या आकड्यांखाली सही माझी.
ओट, बटाटे, ओलं सरपण,
एकदा सर्कशीतला एक उंट
(नियमात बसत नव्हता, तरी).

नोव्हेंबरच्या चिकचिकीत, दुपारी तीनलाच दिवे लावले
तेव्हा ट्रॅक्टरमागे एक घर आलं.
चार चाकांवर अख्खं घर:
दार, धुराडं,
खिडकीत कुणीतरी विसरलेला चहाचा मग.

सोबत आठ पोरं, टॅलिनची,
वास्तुकला शिकणारी; केसांत भुसा, नखांत माती.
त्यांतली त्रीनू माझ्या काचेवर टकटक करून म्हणाली,
"साडेतीन हजार किलोंच्या आत हवंय, काका.
नाहीतर रस्त्यावर नेता येणार नाही."

मी म्हटलं, चढवा.

आकडे थरथरले, थांबले.
तीन हजार सहाशे चाळीस.

त्यांच्या कागदावर होते तीन हजार तीनशे,
दोनदा तपासलेले, खाली मास्तरांची सही.
रायवो मास्तर टोपी काढून
कागदाकडे बघत राहिले, घराकडे नाही.

"कागदावर माती सुकलेली असते," मी म्हटलं.
भिंतींत गव्हाचं काड, वर चिकणमातीचा गिलावा,
छतात मेंढ्यांची लोकर,
फटींत शेवाळ, दलदलीत गुडघाभर उभं राहून वेचलेलं.
सगळं पाणी पिणारं.
माझ्याकडचा ओटसुद्धा
सप्टेंबरात एक बोलतो, आता दुसरंच.

मग वजाबाकी सुरू झाली.
टाकीत साठ लिटर पाणी निघालं,
गळते का बघायला भरलेलं, उपसायचं राहिलेलं.
नळ सोडला. सगळे हसले, मास्तर सोडून.
कौरने घडीचं टेबल उतरवलं.
लेलोने पुस्तकांची फळी काढली. ओकची.
तिनेच रंधली होती, म्हणून दुसऱ्या कुणी
तिचं नाव काढायच्या आत तिनेच काढलं.
माळ्याची शिडी गेली.
तीन हजार पाचशे वीस.
माझा काटा वीस-वीसनेच बोलतो, त्याला घासाघीस कळत नाही.

"चुलीच्या विटा?" कुणीतरी हळूच म्हणालं.
त्या चुलीवर त्यांनी दोन महिने घातले होते;
संध्याकाळची चार लाकडं
पहाटेपर्यंत ऊब देतील असा हिशेब होता.
कुणी हललं नाही. गारा पडायला लागल्या, बारीक.

आणि आतून आवाज आला,
"विटांना हात लावाल तर बघा."

दार उघडलं. हेल्गी बाई,
एकेचाळीस वर्षं टपाल वाटलेल्या,
जिचं घर मार्चमध्ये जळलं ती,
जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती,
पलंगावर कोट घालून बसलेली.
ट्रॅक्टरमध्ये बसायला सांगितलं होतं तिला.
"तिथे डिझेलचा वास," ती म्हणाली.

तिला हात देऊन खाली घेतलं.
तीन हजार चारशे साठ.

माणूस उतरलं आणि घर नियमात बसलं.
पोरं नाचली. मला मात्र पावती लिहिताना
'रिकामी' आणि 'भरलेली' या दोन रकान्यांपुढे
पेन जरा थांबवावं लागलं.
मालाचा प्रकार: मी 'लाकूड' लिहिलं.
फळी परत चढवली, टेबल राहिलं माझ्या शेडमध्ये.

अकरा किलोमीटर. हेल्गीला मी माझ्या गाडीत घेतलं.
पुढे घर, तीसच्या वेगाने,
मागच्या लाल दिव्यांत त्याची भिंत ओली दिसायची,
वळणावर धुराडं किंचित कलायचं
तेव्हा ती श्वास धरायची.

"हुशार आहेत पोरं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.
"वारा कुठून येतो विचारलं, ऊन कुठून येतं विचारलं.
चिखलाचे बूट कुठे काढायचे
हे एकानेही विचारलं नाही."

मग काच पुसत,
"ती फळी दाराशी लावायला सांगते. खाली."