फावड्यांचं वाटप

या. बूट इथे काढा. स्टोव्ह आत्ताच पेटवलाय.
हॉल तापायला अर्धा तास लागतो
आणि सभा आटोपते चाळीस मिनिटांत,
म्हणजे ऊब मिळते ती शेवटची दहा मिनिटं.
क्लबचं सगळं असंच आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी नोझाकी. एकोणीस वर्षं चिटणीस.
वही माझ्याकडे, कुलपाची किल्ली माझ्याकडे,
आणि आज भाषणही माझ्याच गळ्यात,
कारण अध्यक्षांचा गुडघा परवा रुसून बसला.

तर तुम्ही तिघं.
गेल्या साली एकही नव्हता.
त्याआधी एक होता, तो तोक्योला गेला.
थुई, तू नूडल्सच्या कारखान्यातली,
आयुष्यात तीनच हिवाळे बर्फ पाहिलेली.
मियोशी-सान, तुम्ही तीस वर्षं याच दारांत पत्रं टाकलीत,
कुठलं कुत्रं चावतं ते तुम्हीच आम्हाला सांगा.
आणि इत्सुकी, तुला शाळेनं पाठवलंय.
लपवू नकोस,
मीही बायकोनं पाठवलं म्हणूनच आलो होतो.

शपथ वगैरे नाही आपल्याकडे.
एकट्यानं छपरावर चढायचं नाही. कधीच.
कमरेला दोर, छातीच्या खिशात फोन.
पत्रा खरवडून लख्ख करायला जाऊ नका,
वीतभर बर्फ राहू द्या, पाय त्यावरच ठरतो.
ऊन पडलं की दुप्पट जपा,
इथलं ऊन गोड बोलून पाडतं.
आजीबाई पैशांचं पाकीट पुढे करतील, घ्यायचं नाही.
धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं पुढे करतील,
ते मात्र नाकारायचं नाही, दाढ दुखत असली तरी.
आणि आत कुणी एकटं असेल
तर फावडं जरा वाजवत चला.

आता फावडी.
दांड्यावर कोरलेलं नाव तुमचं नाही.
हे कुमागाईचं, पंजा केवढा होता बघा,
लाकूड इथे झिजून खोलगट झालंय.
हे ओगासावाराबाईंचं.
चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत शिडी धरून उभ्या राहायच्या,
वर चढू दिलं नाही म्हणून
शेवटच्या आजारातही आम्हाला शिव्या.
नावं आम्ही खोडत नाही. खाली जागा आहे, तिथे आपलं कोरा.
थुई, तू तुझ्या लिपीत कोर.

माझे वडील याला सावड म्हणायचे,
आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या.
हिशेब तोंडी, फेड हातानं.
आता पलीकडच्या बाजूला फेडायला हातच नाहीत,
नुसती छपरं आहेत.
गेल्या साली सत्तेचाळीस छपरं, अकरा माणसं.
यंदा अठ्ठेचाळीस, आणि माणसं तेरा.
अकरा आणि तीन तेरा होत नाहीत,
इत्सुकी, मला दिसलं तू बोटं मोडलीस ते.
थांब जरा.

ही यादी. एकेक प्रत घ्या.
मियोशी-सान, वाचता वाचता थबकलात.
पत्ता बरोबर आहे.
पुलापलीकडे, लाल पत्रा, दारात पर्सिमनचं झाड,
ज्याच्या पेटीत तुम्ही दर वर्षी
माझ्या मुलीचं एकच कार्ड टाकायचात.
डॉक्टर म्हणाले, शिडी पुरे.
ते नाव लिहिताना पेन अडलं,
शाई संपली असेल अशी मी स्वतःची समजूत घातली,
मग दुसरं पेन घेतलं. तेही अडलं.

तर इत्सुकी, हे उरलेलं तुझं.
नोझाकी लिहिलंय दांड्यावर, हसू नकोस.
जिवंत माणसाचं फावडं
क्लबात पहिल्यांदाच वाटलं जातंय,
वहीत त्यासाठी रकानासुद्धा नाही.
छपराच्या डाव्या कोपऱ्यात एक खिळा वर आलाय,
दोन वर्षं ठोकीन ठोकीन म्हणतोय, सांभाळ.
आणि मी आत असेन.
जरा वाजवत चल.

बघा, आत्ता कुठे हॉल तापला.
सभा संपली.
बसा, बसा, चहा यायचाय.