जोडणी उलट क्रमाने

खजुरी बाजारात दुपारी तीनला
अर्धं शटर वर सरकवून
धन्नालालजींनी माळ्यावरून गठ्ठा उतरवला.
"कौन से साल की गाड़ी है, भिया?"
"ब्याऐंशी," मी म्हणालो.
"अठ्ठ्याऐंशी," मैथिली म्हणाली.
"कागद ब्याऐंशीचे, काका. ब्लॉकवरचा नंबर बघा कधीतरी.
इंजिन मागून बदललंय."
वीस वर्षं मी त्या ट्रकचा टॅक्स भरला.

पहिलं पुस्तक कंपनीचं, जाड, इंग्रजी,
एकाही पानाला तेलाचं बोट नाही.
तिने सरळ टॅपेटचं पान काढलं.
"अंतर दिलंय. गरम इंजिनावर की गार, तेही दिलंय."
ठेवलं मांडीवर.

दुसरं हिंदी, पातळ,
छपाई इतकी काळी की वॉटर पंप आणि बटाटा
यांत फरक करणं कठीण.
पण खोलण्याची सतरा पानं मन लावून लिहिलेली,
कुठला नट आधी, कुठला पाइप कापडाने बांधायचा,
आणि मग प्रत्येक प्रकरणाखाली तीच एक ओळ:
लगाना, इसी का उल्टा.

मी हसलो. मग हसू राहिलं तसंच तोंडावर, विसरल्यासारखं.

आम्हीही क्रमानेच खोललं होतं, विश्राम आणि मी.
आधी हिशेबाची वही,
मग लोहामंडीतलं ऑफिस, मधे प्लायवूड,
मग दिवाळीची ताटं,
सगळ्यात शेवटी आईची औषधं, कुठल्या महिन्यात कोण.
त्याला चालता ट्रक, मला हा, ताडपत्रीखालचा.
भांडण नाही झालं. सगळे म्हणत, काय समजूतदार भाऊ.
आता उलट क्रमाने बसवायचं
तर औषधांपासून सुरुवात करावी लागेल,
आणि ती आता लागत नाहीत कुणाला.

मैथिली त्याची मुलगी.
आयटीआयला डिझेल घेतलं तेव्हा तो आठ दिवस जेवताना बोलला नाही.
मार्चमध्ये ती माझ्या दारात आली,
म्हणाली, ते इंजिन कुजतंय, मी बांधू?

तिसऱ्याला पुठ्ठाच नव्हता, सुतळीने आवळलेलं.
समासात कुणाची तरी पेन्सिल, मराठीत,
आमच्या इंदूरच्या मराठीत, अर्धे शब्द हिंदी.
हेड बोल्ट कसण्याच्या चित्रापाशी, मधून बाहेर, मधून बाहेर,
एक आकडा लिहिलेला, खोडलेला,
खाली बारीक अक्षरात:
मेरी गलती. माझीच. बोल्ट तुटला. देवास नाका, रात्री.

तिने ते दोनदा वाचलं.
"हे पण घेऊ."
"अगं, फ्युएल पंपाची पानंच नाहीत यात!"
"पंप आपण उघडणारच नाही, तो टेस्टिंगला द्यायचा.
आकडे कंपनीचे बघायचे.
पण हा माणूस कुठे चुकला ते मला हवंय."

धन्नालालजींनी दोन्हीचे साडेचारशे सांगितले,
तीनशे ऐंशीला दिले, सुतळी काढून घेतली.

गोडाउनमध्ये शेवेच्या खोक्याला तिने बारा भोकं पाडली,
बारा पुशरॉड, बारा नंबर.
ज्याची जागा त्यालाच, म्हणाली,
एकमेकांत बदलले तर वाजत राहतात.
पिस्टनच्या रिंगा चढवताना माझ्या हाताला धरून शिकवलं:
रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत,
दाब निसटतो.
हे मात्र मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

रात्री साडेनऊला तिसरा लायनर अडला.
बाकीच्यांपेक्षा केसभर वर.
दोन्ही पुस्तकं उघडी, दोन्ही गप्प.
तिने फोन लावला, स्पीकर चालू केला, माझ्याकडे न बघता.
"बाबा, तिसऱ्याखाली काही घातलं होतं का?"

बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता, त्याच्या घरचा.
"शिम आहे. पितळेची.
सेंधव्याच्या घाटात पाणी संपलं होतं, त्यानंतर मीच घातली.
काकाला सांगितलं नव्हतं."

मग परत पंखा.

"त्याला म्हणावं, अंदाजाने बसवू नको.
मायक्रोमीटर माझ्याकडेच राहिलाय."

वाटणीची यादी मला पाठ आहे, चार पानं,
त्यात मायक्रोमीटर नव्हता.